मोंमार्त्रच्या माथ्यावर: साक्रे-कूरविषयी दोन मते

पॅरिसच्या उत्तर भागात मोंमार्त्र ही सुमारे 130 मीटर उंचीची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर साक्रे-कूर ही येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेली बॅसिलिका उभी आहे. पायाभरणी 1875 मध्ये झाली. काम 1914 मध्ये पुरे झाले, पण त्याच वर्षी महायुद्ध पेटल्यामुळे अभिषेक ऑक्टोबर 1919 पर्यंत लांबला. 83 मीटर उंचीचा तिचा पांढरा घुमट शहराच्या बऱ्याच भागांतून दिसतो. वर्षाला सुमारे एक कोटी माणसे इथे येतात. पॅरिसमधल्या धार्मिक वास्तूंत नोत्र-दामच्या खालोखाल गर्दी इथेच होते. पायऱ्यांवर बसून शहर पाहायचे, फोटो काढायचे, आत एक फेरी मारायची आणि शेजारच्या चौकात बसलेल्या चित्रकारांकडे वळायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो.

फ्रान्समध्ये मात्र या इमारतीवरून दीडशे वर्षे वाद चालू आहे. एका बाजूला ती युद्धात होरपळलेल्या देशाची प्रार्थना आहे. दुसऱ्या बाजूला ती 1871 च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरात सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिकारी सत्तेच्या, प्रेतांवर उभारलेले विजयचिन्ह आहे. या लेखात त्या दोन बाजू दोन मराठी प्रवाशांच्या तोंडून येतात. एक वसईच्या निवृत्त शिक्षिका, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक घरातल्या. दुसरे पुण्यात इतिहास शिकवणारे प्राध्यापक. दोघे एकाच सहलीतून आलेले आणि टेकडी चढताना वादाला लागलेले.

वादाची सुरुवात बॅसिलिकेच्या खालच्या उतारावरच होते. पायऱ्यांच्या मधल्या बागेला 2004 पासून लुईझ मिशेल यांचे नाव आहे. लुईझ मिशेल याच भागातल्या शिक्षिका. कम्यूनच्या बाजूने त्या बंदूक घेऊन लढल्या आणि नंतर त्यांना न्यू कॅलेडोनियात हद्दपार करण्यात आले.

“बाई, एक गोष्ट लक्षात घ्या,” प्राध्यापक म्हणतात. “वरच्या चर्चने ज्यांच्या पापाचे प्रायश्चित्त मागितले, त्यांच्यातल्याच एका बाईचे नाव पॅरिसने चर्चच्या पायाशी दिले आहे. हा अपघात नाही.”

“नाव द्यायला माझी ना नाही, सर. पण चर्चने कम्यूनच्या पापाचे प्रायश्चित्त मागितले, हे तुम्ही ठरवूनच आलात. हे चर्च बांधण्याचा नवस कधी बोलला गेला, ते आधी सांगा.”

शिक्षिकांचा प्रश्न मोक्याचा आहे, आणि त्याचे उत्तर तारखांनीच द्यावे लागते. फ्रान्सने जुलै 1870 मध्ये प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. 2 सप्टेंबरला सेदाँ येथे सम्राट तिसरा नेपोलियन शरण गेला. 4 सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला आणि तिकडे 20 सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेऊन पोपची राजकीय सत्ता संपवली. कॅथलिक फ्रेंच माणसाच्या दृष्टीने एकाच महिन्यात देश आणि धर्म दोन्ही कोसळले. अलेक्सांद्र लजाँती हा पॅरिसचा धनिक व्यापारी तेव्हा प्वातिए येथे आश्रयाला गेला होता. 1870 च्या अखेरीस त्याने नवस केला आणि जानेवारी 1871 पर्यंत त्याचा लेखी मसुदा तयार झाला. फ्रान्स आणि पोप संकटातून सुटावेत, देशाच्या पापांची क्षमा व्हावी, त्यासाठी पॅरिसमध्ये पवित्र हृदयाचे मंदिर बांधण्यास आपण हातभार लावू, असा त्याचा आशय होता. त्याचा मेहुणा, चित्रकार ह्यूबेर रोओ द फ्लरी, या कामात त्याच्या बरोबरीने उभा राहिला.

कम्यूनची ठिणगी 18 मार्च 1871 ला पडली, म्हणजे नवसानंतर.

“झाले ना, सर?” शिक्षिका म्हणतात. “मूळ नवसात कम्यून नाही. संकटात सापडलेल्या माणसाने देवाला शब्द दिला, एवढेच आहे त्यात. आमच्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीला लोक मेणाचे हात-पाय वाहतात, कुणी मेणाचे घर वाहते. ते वाहताना कुणी राजकारण करत नाही.”

“माउलीला वाहिलेले मेण ज्याचे त्याच्या पैशाचे आणि ज्याच्या त्याच्या दुखण्याचे असते. इथे सबंध देशाच्या नावाने नवस बोलला गेला. देशाने कुठे त्याला होकार दिला होता? आणि पाप कोणते, ते विचारा. त्या काळच्या बिशपांची प्रवचने वाचली तर पाप म्हणजे 1789 ची राज्यक्रांती. शंभर वर्षे देश वाट चुकला म्हणून देवाने प्रशियाच्या हातून शिक्षा केली, असा तो हिशेब होता. पवित्र हृदयाचे चिन्हही तेव्हा नुसते भक्तीचे राहिले नव्हते. 1793 मध्ये व्हाँदे प्रांतात प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेले शेतकरी तेच चिन्ह छातीवर शिवून लढले होते.”

“चिन्ह त्यांच्याही आधीचे आहे. संत मार्गारेट मेरी यांना पारे-ल-मोनियाल येथे 1673 पासून जी दर्शने झाली, तिथून ही भक्ती पसरली. वसईत आजही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पवित्र हृदयाची मिस्सा असते. व्हाँदेच्या शेतकऱ्यांनी ते चिन्ह वापरले म्हणून ते आमचे राहिले नाही का?”

इथे शिक्षिकांचे म्हणणे मान्य करावे लागते. भक्तीचा उगम आणि तिचा राजकीय वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅसिलिका केवळ कम्यूनला धडा शिकवण्यासाठी कल्पिली गेली, हे लोकप्रिय विधान कालक्रमात टिकत नाही. मात्र नवसात पॅरिस होते, मोंमार्त्र नव्हते. जागा नंतर ठरली, आणि खरा वाद त्या जागेचा आहे.

वेढ्याच्या काळात पॅरिसच्या सामान्य लोकांनी वर्गणी काढून तोफा ओतवून घेतल्या होत्या. तहानंतर त्या प्रशियनांच्या हाती पडू नयेत म्हणून राष्ट्रीय रक्षकदलाने त्यांपैकी बऱ्याच मोंमार्त्रवर ओढून आणल्या. 18 मार्चच्या पहाटे तिएर यांच्या फ्रेंच सरकारने त्या ताब्यात घेण्यासाठी सैनिक पाठवले. तोफा ओढून नेण्यास घोडे वेळेवर आले नाहीत. उजाडताच वस्तीतल्या बायका, पुरुष, मुले जमली. जनरल लकोंत यांनी गोळीबाराचा हुकूम दिला, तेव्हा त्यांच्याच सैनिकांनी तो मानला नाही. त्याच दिवशी लकोंत आणि जनरल क्लेमाँ-तोमा या दोघांना टेकडीवरच ठार करण्यात आले. त्या भागाचे नगराध्यक्ष क्लेमांसो त्यांना वाचवायला धावले, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. सरकार व्हर्सायला निघून गेले. पॅरिसमध्ये कम्यूनची सत्ता आली आणि ती मेअखेरपर्यंत टिकली.

शेवट भीषण होता. 21 ते 28 मे या आठवड्यात व्हर्सायच्या सैन्याने पॅरिस गल्लीगल्लीतून परत जिंकले. मृतांचा आकडा इतिहासकारांत वादग्रस्त आहे. अलीकडचे काही अंदाज सहा-सात हजारांचे आहेत, जुने वीस हजारांच्या आसपास जातात. कम्यूननेही ओलीस मारले. त्यांत पॅरिसचे आर्चबिशप जॉर्ज दार्ब्वा होते. त्यांना 24 मे रोजी तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. चारच दिवसांनी कम्यूनचा नेता, बुकबाइंडर कामगार यूजेन वार्लँ, याला पकडून मुद्दाम मोंमार्त्रवर आणले गेले. वाटेत जमावाने त्याला इतके मारले की त्याला उभेही राहता येईना. जनरल जिथे मेले होते, त्याच परिसरात त्याला गोळ्या घातल्या.

“आता सांगा,” प्राध्यापक म्हणतात, “पुढच्याच वर्षी नवे आर्चबिशप गिबेर यांनी चर्चसाठी हीच टेकडी का निवडली?”

“कारण ती उंच आहे. सगळ्या शहराला दिसते. आणि टेकडी काही 1871 मध्ये जन्मली नव्हती, सर. पॅरिसचे पहिले बिशप संत डेनिस इथे हुतात्मा झाले, अशी परंपरा आहे. शेजारचे सेंट पीटरचे जुने चर्च बाराव्या शतकातले. क्रांतीत उद्ध्वस्त होईपर्यंत इथे जोगिणींचा मोठा मठ होता. हजार वर्षे ही जागा प्रार्थनेची आहे. तुमच्या तोफा इथे काही आठवडे होत्या.”

“हजार वर्षांची जागा 1870 मध्येही इथेच होती. तेव्हा नवसात तिचे नाव का नाही आले? कम्यून जिथे सुरू झाली, जिथे जनरल मारले गेले, तिथेच हे चर्च उभे राहणार, याचे समाधान खुद्द रोओ द फ्लरी यांनी बोलून दाखवले आहे. माझ्या मनाचा अर्थ नाही हा.”

“दार्ब्वा यांच्या मृत्यूचे दुःख तुम्ही मोजत नाही. ज्या धर्मप्रांताचा आर्चबिशप भिंतीशी उभा करून मारला, त्या धर्मप्रांताने क्षमा मागणारी वास्तू बांधली. सूड घेणारी नव्हे.”

“क्षमा कुणासाठी मागितली? मारणाऱ्या सैन्यासाठी मागितली का?”

या प्रश्नावर शिक्षिकांकडे उत्तर नाही, आणि ते बॅसिलिकेच्या कोणत्याही भिंतीवरही लिहिलेले नाही. जुलै 1873 मध्ये राष्ट्रीय सभेने कायदा करून हे बांधकाम सार्वजनिक हिताचे ठरवले. त्यामुळे टेकडीवरच्या जमिनी सक्तीने संपादन करता आल्या. त्या सभेत राजेशाहीवाद्यांचे बहुमत होते आणि राष्ट्राध्यक्ष होते मार्शल मॅकमहॉन, कम्यून चिरडणाऱ्या सैन्याचे सेनापती. नवस बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी त्याला जमीन आणि कायदा ज्यांनी दिला, त्यांचा हेतू राजकीय होता. येथे प्राध्यापकांची बाजू भक्कम आहे.

बांधणीच्या इतिहासात मात्र पारडे पुन्हा फिरते. 1874 च्या स्पर्धेतून पॉल अबादी यांचा आराखडा निवडला गेला. पेरिग्यो येथील सेंट-फ्रों या घुमटांच्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धार त्यांनी केला होता. गॉथिक मनोऱ्यांच्या पॅरिसमध्ये त्यांनी बायझंटाइन वळणाचे घुमट आणले. पायाचे काम सुरू होताच टेकडी पोकळ असल्याचे संकट समोर आले. प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून होते, त्या जिप्समसाठी मोंमार्त्र शतकानुशतके आतून खणले गेले होते. शेवटी 83 खोल विहिरी खोदून, सुमारे 33 मीटर खालच्या पक्क्या थरापर्यंत त्या दगडी बांधकामाने भरून, कमानींनी एकमेकींना जोडण्यात आल्या. पूर्ण बॅसिलिका या जमिनीखालच्या खांबांवर उभी आहे. अबादी 1884 मध्ये वारले, तेव्हा घुमटाचा पत्ताही नव्हता. वरचा दगड शातो-लाँदों भागातला आहे. पावसाचे पाणी लागले की तो कॅल्साइट सोडतो आणि पृष्ठभाग धुऊन निघतो. धुराने काळवंडणाऱ्या शहरात ही इमारत पांढरी राहिली, ती त्यामुळे.

“आता पैशाचे ऐका,” शिक्षिका म्हणतात. “सरकारने एक फ्रँक दिला नाही. लहान लहान चौकटी छापलेली कार्डे गावोगाव गेली. दहा सेंतीम दिले की एक चौकट तुमची. मोलकरणींनी दिले, विधवांनी दिले, शाळेतल्या मुलांनी दिले. सुमारे एक कोटी लोकांच्या देणगीतून हे उभे राहिले. साव्हॉय प्रांताच्या लोकांनी सुमारे 19 टनांची घंटा आन्सी गावात ओतवून दिली, ती 1895 मध्ये घोड्यांनी ओढून वर आणली. ही सगळी माणसे राजेशाहीवादी होती, म्हणता?”

“नव्हती. आणि तोफांची वर्गणी देणारी माणसेही अशीच होती, बाई. त्याच शहरातली, तितकीच गरीब.”

एकाच टेकडीवर गरिबांच्या दोन वर्गण्या एकमेकींसमोर आल्या, ही या जागेची सर्वांत वेदनादायी गोष्ट आहे. एका वर्गणीतून तोफा झाल्या, दुसरीतून घंटा. प्रवासी-पुस्तकांत घंटेचे वजन सापडते. तोफा कुणी दिल्या, ते क्वचितच सापडते.

आत शिरल्यावर वेदीच्या वरच्या अर्धघुमटात सुमारे 475 चौरस मीटरचे मोझेक आहे. ल्युक-ऑलिव्हिए मेर्सों यांच्या आराखड्यावरून ते केले गेले आणि 1923 मध्ये खुले झाले. मध्यभागी हात पसरलेला ख्रिस्त आहे. भोवती संत, पोप, जोन ऑफ आर्क, गुडघे टेकलेले फ्रान्स. खालच्या लॅटिन ओळीत पश्चात्तापी, समर्पित आणि कृतज्ञ फ्रान्सने ही वास्तू येशूच्या हृदयाला वाहिल्याचे म्हटले आहे. महायुद्धातल्या विजयानंतर कृतज्ञतेचा शब्द इथे शोभला. पश्चात्ताप त्याच्या आधीचा.

मोझेकच्या खाली, वेदीवर, पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली भाकर, ठेवलेले असते. 1 ऑगस्ट 1885 पासून इथे अखंड आराधना चालू आहे. रात्रंदिवस कोणीतरी प्रार्थनेला असतेच. एप्रिल 1944 मध्ये आसपास बाँब पडले, खिडक्यांच्या रंगीत काचा फुटल्या, पण आराधना थांबली नाही. हल्ली बेनेडिक्टाइन भगिनी ही व्यवस्था पाहतात आणि रात्रीच्या आराधनेसाठी बाहेरचे भाविकही नाव नोंदवून राहतात.

शिक्षिका इथे बराच वेळ गुडघ्यांवर बसतात. प्राध्यापक मागच्या बाकावर थांबतात. बाहेर येताना ते म्हणतात, “बाई, याच्याशी माझे भांडण नाही. इतक्या वर्षांची अखंड प्रार्थना ही लहान गोष्ट नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की त्या आतल्या भिंतींवर इतकी नावे आहेत, तर वार्लँचे कुठेच का नाही? दार्ब्वा आणि वार्लँ, दोघांसाठी एकच मेणबत्ती लावता आली असती.”

“मी लावली,” शिक्षिका सांगतात. “दोघांसाठी. चर्चने मला अडवले नाही.”

बॅसिलिकेच्या विरोधकांनीही आपली निशाणी टेकडीवर ठेवली आहे. 1882 मध्ये 1873 चा कायदा रद्द करून बांधकाम थांबवण्याचा प्रयत्न प्रतिनिधिगृहात झाला, पण तो तडीस गेला नाही. एमिल झोला यांच्या ‘पॅरिस’ या 1898 च्या कादंबरीत तर ही इमारत उडवण्याचा कट आहे. 1905 मध्ये बॅसिलिकेच्या अगदी समोर शव्हालिए द ला बार याचा पुतळा उभारला गेला. धार्मिक मिरवणुकीला टोपी काढून अभिवादन केले नाही म्हणून आणि धर्मनिंदेच्या आरोपाखाली 1766 मध्ये या तरुणाचा शिरच्छेद झाला होता. व्होल्तेरने त्याच्यासाठी लेखणी उचलली होती. पुतळा 1926 मध्ये जवळच्या बागेत हलवला गेला, 1941 मध्ये धातूसाठी वितळवला गेला आणि 2001 मध्ये नवा बसवला गेला. ज्या रस्त्यावर दोन्ही जनरल मारले गेले, त्यालाही ला बारचे नाव देण्यात आले. त्यामुळे साक्रे-कूरचा टपालाचा पत्ता आजही 35, शव्हालिए द ला बार मार्ग असा आहे. धर्माच्या नावाने मारलेल्या माणसाचे नाव लिहिल्याशिवाय या चर्चला पत्र पोचत नाही.

1905 च्या कायद्याने धर्मसंस्था आणि शासन वेगळे झाले आणि बॅसिलिका पॅरिस महापालिकेच्या मालकीची झाली. तरीही तिला ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळायला शतक उलटावे लागले. कम्यूनच्या स्मृतीमुळे हा विषय शहराच्या राजकारणात सतत टाळला गेला. डिसेंबर 2022 मध्ये वर्गीकरण झाले, आणि त्यात बॅसिलिकेबरोबर खालची लुईझ मिशेल बागही घेतली गेली. डाव्या पक्षांतल्या काहींनी तेव्हाही विरोध केला.

“मी असतो तर बाजूने मत दिले असते,” प्राध्यापक म्हणतात. “इमारत जपली पाहिजे. पण दाराशी एक पाटी हवी. 18 मार्चला इथे काय झाले आणि 28 मेला काय झाले, चार ओळींत.”

“पाटीला माझी हरकत नाही, सर. फक्त पहिली ओळ नवसाच्या तारखेची ठेवा.”

दोघांचे एकमत इथवरच होते. या लेखाचे मत त्यांच्याहून थोडे पुढचे आहे. बॅसिलिका सूडापोटी जन्मली नाही, पण ज्या जागी आणि ज्या कायद्याने ती उभी राहिली, त्यांनी तिला एका पक्षाची वास्तू बनवले. भाविकांच्या दहा सेंतीमांनी आणि 1885 पासूनच्या प्रार्थनेने तिला त्या पक्षापासून बरेच दूर नेले आहे. कम्यूनच्या मृतांविषयीचे तिचे मौन मात्र अजून सुटलेले नाही, आणि ते सोडवणे भाविकांच्याच हातात आहे.

मराठी प्रवाशाने इथे निदान अर्धा दिवस द्यावा. बॅसिलिकेत प्रवेश विनामूल्य आहे आणि ती सकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंत उघडी असते. घुमटावर जाणाऱ्या सुमारे 300 पायऱ्यांसाठी वेगळे तिकीट लागते. ज्यांना चढ झेपत नाही, त्यांच्यासाठी फ्युनिक्युलर आहे. पायथ्याशी मनगटाला दोरा बांधून पैसे मागणारे असतात, त्यांच्यापासून हात मागे ठेवावा. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर शहराच्या पूर्वेकडच्या पेर लाशेज दफनभूमीत जावे. तिथल्या एका भिंतीशी 28 मे 1871 रोजी कम्यूनच्या 147 सैनिकांना गोळ्या घातल्या होत्या आणि त्या भिंतीवर आजही लोक फुले ठेवतात.

गोवा आणि वसईच्या माणसासाठी आणखी एक जागा आहे. टेकडीच्या दक्षिण उतारावर, इव्हॉन ल ताक मार्गावर, संत डेनिस यांच्या हौतात्म्याच्या स्थानी एक जुने प्रार्थनास्थळ होते. 15 ऑगस्ट 1534 रोजी इग्नेशियस लोयोला आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी तिथे व्रत घेतले. त्यातूनच पुढे जेझुइट संघ उभा राहिला. त्या सात जणांत फ्रान्सिस झेवियर होते. ते मे 1542 मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे पार्थिव आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे. मूळ वास्तू क्रांतीच्या काळात पाडली गेली. त्या जागेवरचे आजचे छोटे प्रार्थनास्थळ आठवड्यातून ठरावीक वेळीच उघडते, त्यामुळे निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.